चंद्रकासव आणि हवाबंद खोकं

खुळ्ळ!

दुपारच्या सामसूम घरात आवाज एवढासाच झाला, पण पलंगाखाली पत्ते मांडून बसलेल्या तिघांच्या माना एकदम वर झाल्या. एवढ्या वर की डोकी पलंगाच्या फळीला ठाण्‌कन आपटली!

"आई गं! काय वाजलं?" ताईने डोकं चोळत विचारलं.

पलंगाखाली तिघंच होते. म्हणजे चौथा बाहेर होता. आणि चौथा बाहेर असणं कधीच चांगलं नसायचं!

चौथा म्हणजे ताईचा सहा वर्षांचा भाऊ. त्याला सगळे बटण म्हणत, कारण दिसेल ते बटण तो दाबायचाच. दारावरची घंटा, पंख्याचं बटण, एकदा तर झोपलेल्या मामांचं नाकसुद्धा. आत्ता तो कपाटासमोर उभा होता आणि त्याच्या दोन्ही हातांत ते खोकं होतं!

"मी काही नाही केलं," बटण म्हणाला. "मी फक्त वर उचललं. मग ते आपलं आपणच वाजलं."

"ठेव! आधी खाली ठेव!" मामेभाऊ पांढराफटक पडला. "बाबांनी पाहिलं तर मेलोच आपण! संपलं! सगळं संपलं!"

मामेभावाला पंक्चर हे नाव पडलं होतं ते मामांच्या सायकलदुकानामुळे नव्हे. जरा काही झालं की त्याच्यातली हवाच जायची, म्हणून.

"थांब रे," शेजारची रेडिओ म्हणाली. दोन वेण्यांची ही मुलगी झोपेतही बोलायची, आणि डोळ्यांसमोर येईल ते अक्षर मोठ्याने वाचायची. दुकानाच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, कचऱ्यातले कागद, सगळं. "बटण, पुन्हा हलव बरं."

खुळ्ळ!

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

त्या खोक्यात रानझुंजची कार्डं होती. रानझुंज माहीत नाही असं मूल त्या गल्लीत सापडलं नसतं. प्रत्येक कार्डावर एक प्राणी, त्याचं बळ, त्याची चाल आणि त्याची खोड. समोरच्याने वीजघार टाकली की आपण मुंगीराणी टाकायची, जमिनीवर थाप मारायची आणि 'रान!' म्हणून ओरडायचं. डाव आपला! सुट्टीत मामांकडे यायचं ते निम्मं त्या ओरडण्यासाठी.

पण हे खोकं खेळायचं नव्हतं. ते नुसतं ठेवायचं होतं.

ते आणलं होतं इस्त्रीकाकांनी. त्यांचा सदरा कडक, विजारीची घडी सुरीसारखी आणि बोलणंसुद्धा इस्त्री करून घातल्यासारखं. "पहिल्या छपाईची खोकी आहेत. कारखान्यातून निघाली तशीच. उघडायचं नाव काढू नका! नुसती ठेवायची. दरवर्षी भाव चढतो," ते मामांना म्हणाले होते.

"उघडायचं नाही, तर कार्डांचा उपयोग काय?" बटणने तेव्हाच विचारलं होतं.

"उपयोग नसतो, बाळ. किंमत असते," इस्त्रीकाका हसून म्हणाले होते.

विश्वासाखातर एक खोकं ते ठेवून गेले होते. उरलेली अकरा आज दिवेलागणीला येणार होती. आणि त्या बारा खोक्यांच्या बदल्यात मामा त्यांना दुकानाची किल्ली देणार होते. खालचं दुकान, वरचं हे घर, सगळंच! मामी सकाळीच इस्पितळात कामाला गेली होती. तिला यातलं अवाक्षर माहीत नव्हतं. "तिला चकित करायचंय मला," मामा म्हणाले होते.

"खोकं वाजतं कसं?" रेडिओ कुजबुजली. तिची कुजबुज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायची. "नवं खोकं वाजतच नाही! पाकिटं इतकी ठासून भरलेली असतात की पहिलं काढताना नख मोडतं. माझं मोडलंय, हे बघ!"

"मग आत काय आहे?" ताईने विचारलं.

"काहीतरी कमी आहे," पंक्चर म्हणाला. "आणि त्याच्यासाठी बाबा दुकान..." 

"कोणी हात लावला त्याला!"

दारात मामा! हाताला काळं वंगण, खांद्यावर चिंधी आणि चेहऱ्यावर असा राग की बटण ताईच्या पाठीमागे दिसेनासा झाला. मामांनी आधी हात पुसले, मग खोकं असं उचललं की जणू तान्हं बाळ.

"कोपरा दबला तर भाव निम्मा होतो, कळतं का?"

"मामा, पण ते वाजतंय," ताई म्हणाली.

"पोटात काही असलं की वाजणारच! आता यापुढे कपाटाला हात लावाल तर याद राखा."

"बाबा, एकदा उघडून..."

"उघडून?" मामांचा आवाज फाटला. "पोटच्या पोराला एवढंही कळू नये? उघडलं की संपलं रे!" ते वळले आणि जिना उतरू लागले. उतरताना त्यांनी कठड्याला धरलं. एक पायरी, मग थांबायचं, मग दुसरी. मामांचे गुडघे गेल्या वर्षापासून असेच दुखत होते.

त्या पाठमोऱ्या मामांकडे बघून ताईचा राग कुठल्या कुठे गेला. त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. मामा हावरट नव्हते. मामा थकले होते.

*

वह्यावाल्या मावशींचं दुकान कोपऱ्यावरच होतं. चौघं धापा टाकत तिथे पोचले.

"मावशी, रानझुंजचं नवं खोकं हलवून दाखवा ना! विकत नकोय, नुसतं हलवा!" रेडिओने एका श्वासात सांगून टाकलं.

मावशींनी चष्म्यावरून चौघांना न्याहाळलं. मग फळीवरचं खोकं काढून कानाजवळ हलवलं. गप्प! अगदी विटेसारखं गप्प!

"बघा!" रेडिओने टाळी वाजवली. "मावशी, तुम्ही आत्ताच्या आत्ता चला आणि मामांना सांगा. खरं खोकं वाजत नाही म्हणून!"

"अगं, पण हे नव्या छपाईचं. जुन्या खोक्यात पाकिटं किती असायची, कशी असायची, मला काय ठाऊक? माझ्या अशा अर्ध्यामुर्ध्या शब्दावर कुणी आपला व्यवहार थांबवेल होय?" मावशींनी खोकं परत ठेवलं. "हेही आज एक साहेब घेऊन जाणार आहेत. सुटं पाकीट मागायला पोरं येतात आणि मी रोज नाही म्हणते. सगळी कार्डं लोकांच्या कपाटांत जाऊन बसलीत, बाई. खेळणारे हात रिकामे!"

चौघं परत फिरली. उन्हं उतरायला लागली होती. पंक्चर रस्त्याच्या कडेने पाय ओढत चालला होता.

"माझी सायकलपण जाणार," तो म्हणाला.

 दुकानाच्या छताला आकड्यावर टांगलेला तो सांगाडा सगळ्यांच्या ओळखीचा होता. वर्षभर पंक्चर भंगारातून एकेक भाग जमवत होता. पुढचं चाक एका दूधवाल्याच्या सायकलचं, हँडल एका पोस्टमनच्या. फक्त मागचं चाक राहिलं होतं.

"काढून घेऊ ना आपण," बटण म्हणाला.

"आणि ठेवणार कुठे? घर तरी कुठे राहणार आहे?"

*

ताईची आई वरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिच्या शेजारी मेजावर एक जाड प्लॅस्टिकची डबी होती. डबीत चंद्रकासव.

चंद्रकासव म्हणजे आईच्या लहानपणचं कार्ड. पत्र्याच्या डब्यातून ते ताईकडे आलं, ताईकडून बटणकडे. पाठीवर चंद्रकोर असलेलं कासव, आणि डावीकडचा वरचा कोपरा दुमडलेला. त्या कोपऱ्यामुळेच तर बटणला ते न बघता सापडायचं! अंगठा फिरवला की झालं. पण इस्त्रीकाकांनी ते पाहिलं आणि चुकचुकले. "हा कोपरा नसता दुमडला, तर तुमचं वर्षभराचं भागलं असतं हो! आता तरी सांभाळा." त्याच रात्री आईने ते डबीत घातलं होतं. तेव्हापासून बटण प्रत्येक डाव हरत होता.

ताईने सगळं सांगितलं. मध्ये मध्ये रेडिओने सांगितलं. आईच्या हातातला सदरा तसाच राहिला.

"तुमची खात्री आहे?"

"खात्री नाही," ताई खरं तेच बोलली. "पण आई, काहीतरी चुकतंय. आणि किल्ली दिली की मग..."

आई उठली. खालून तिचा आवाज आला, हळू. मग मामांचा.

"दादा, निदान वहिनीला विचार."

"तिला काय विचारायचं? तिने अजून किती वर्षं दिवसरात्र पाळ्या करायच्या? आणि मी? गुडघे माझे आहेत! बसलो की उठवत नाही मला. मुलाच्या हातात शेवटी काय ठेवू, पाना आणि पक्कड?"

"पण मुलं म्हणतायत..."

"मुलं! मुलांच्या नादाने तूही?" जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. गुडघे दुखत असूनही मामा वर आले होते. "चला! चौघंही! टायरच्या खोलीत! व्यवहार होईपर्यंत एकही तोंड मला दिसता कामा नये!"

"मी तर शेजारची आहे!" रेडिओ ओरडली.

"तू सगळ्यांत आधी!"

धाड! दार बंद झालं. बाहेरून कडी पडली. खळ्ळ.

*

टायरची खोली म्हणजे दुकानाच्या बरोबर वरची कोठी. भिंतींना टायरांच्या चळती, रबराचा वास आणि एक उंच, गज लावलेली खिडकी. पंक्चर एका टायरमध्ये बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला. आज त्याला कुणी चिडवलं नाही.

खिडकीतलं ऊन भिंतीवरून वर सरकत होतं.

"आपण ओरडूया," रेडिओ म्हणाली.

"ऐकणार कोण?" ताई म्हणाली.

"दार तोडूया."

"तू तोडतेस?"

बटण ताईच्या मांडीत शिरला. "ताई, मी ते उचललंच नसतं तर वाजलं नसतं ना? माझ्यामुळे झालं का?"

"नाही रे राजा," ताई म्हणाली. "तुझ्यामुळे निदान कळलं तरी. पण सिद्ध कसं करायचं? उघडून दाखवायचं, तर उघडू देत नाहीत. न उघडता दाखवायचं, तर आत दिसत नाही! वाह रे वाह! काय पण युक्ती आहे! खोटं असलं तरी कुणाला कधी कळायचंच नाही!"

"खोक्यावर काही लिहिलं नव्हतं?" बटणने विचारलं.

"होतं की," रेडिओ नाक ओढत म्हणाली. तिने ते अर्थातच वाचलं होतं, मोठ्याने, तीनदा. आता ती पाठ म्हणू लागली, नुसती सवय म्हणून. "रानझुंज. पहिली छपाई. लहान मुलांच्या तोंडात देऊ नये. हवाबंद वेष्टन. आत पाणी वा ओल शिरणार नाही. वेष्टन फाटलेलं असल्यास..."

"काय म्हणालीस?" पंक्चरने डोकं वर काढलं.

"लहान मुलांच्या तोंडात..."

"त्याच्या पुढे!"

"हवाबंद वेष्टन."

"हवाबंद म्हणजे," पंक्चर हळूहळू उठून उभा राहिला. गालांवर अश्रूंचे काळे ओघळ तसेच होते. "हवाबंद म्हणजे ट्यूबसारखं?"

 मग ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला.

रोज हजारदा पाहिलेलं ते! गिऱ्हाईक शपथेवर सांगायचं, ट्यूब नवी आहे हो, फुटलेली नाही! मामा ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात बुडवायचे. "पाण्यापुढे थाप चालत नाही," म्हणायचे. भोक असेल तिथून बुडबुडे!

"खोकं पाण्यात घालायचं!" ताई ओरडली.

"वेडी आहेस? भिजेल! खरं असलं तर वाटोळं होईल!" रेडिओ म्हणाली.

"नाही होणार! खरं असलं तर भिजणारच नाही! त्याच्यावरच लिहिलंय ना? भिजलं, तर ते खरं नव्हतंच!"

पंक्चरच्या चेहऱ्यात पहिल्यांदा हवा भरली. पण तेवढ्यात खालून गाडी थांबल्याचा आवाज आला. मग इस्त्री केलेला आवाज: "नमस्कार! ही घ्या, उरलेली अकरा!"

"आले!" रेडिओचं तोंड ताईने दाबून धरलं.

"झडप!" पंक्चर पुटपुटला. त्याने कोपऱ्यातले टायर भराभर बाजूला सारले. जमिनीत लाकडी झडप होती. तिच्यावर छताला कप्पी, कप्पीवर दोर आणि दोराला आकडा. सायकलींचे सांगाडे याच वाटेने वर चढवायचे. "याच्या खाली बाबांचं कामाचं मेज आहे. आणि मेजाजवळ घमेलं. पण मी मावणार नाही. तूही नाही, ताई. खाली सांगाडे लटकलेत, वाट अरुंद आहे."

तिघांनी बटणकडे पाहिलं.

"मी?" बटणचा आवाज एवढासा झाला.

ताईने त्याला जवळ ओढलं. त्याचं काळीज चिमणीसारखं फडफडत होतं. तिला वाटलं, नको. दुकान गेलं तर गेलं, हा नको. आणि मग खालून मामांचा आवाज आला. थकलेला. "एकदा सही झाली की सुटलो बुवा."

"बटण," ती म्हणाली, "भीती वाटत असेल तर नाही म्हण. खरंच."

बटणने खाली वाकून झडपेची फट पाहिली. "दाबायचं काय?" त्याने विचारलं.

"खोकं. पाण्यात. दोन्ही हातांनी दाबून धरायचं. मामा ट्यूब धरतात तसं."

"हं. येतं मला."

*

खाली मेजावर अकरा खोकी रचलेली होती आणि त्यांच्याशेजारी ते बारावं. आई चहाचे पेले हातात घेऊन उभी होती. तिने पेले खाली ठेवले नव्हते, जणू ठेवले की सगळं पक्कं होईल. मामांनी खिशातून किल्ली काढली. तीस वर्षांत गुळगुळीत झालेली किल्ली.

कर्रर्र!

"हे काय वाजलं?" इस्त्रीकाकांनी वर पाहिलं.

छतातून एक टायर खाली येत होता. टायरमध्ये घट्ट डोळे मिटलेला बटण! पोटाला दोन फेरे दोर, पाय हवेत! टांगलेल्या सायकलींमधून तो गिरकी घेत घेत उतरला. वर ताई, पंक्चर आणि रेडिओ दोराला लोंबकळत होते. ताईचे तळहात सोलून निघाले होते, पण तिने दोर सोडला नाही.

"अरे! अरे! पडेल तो!" आईच्या हातातले पेले एकदाचे सुटले. खळ्‌कन!

बटणचे पाय मेजाला लागले. त्याने डोळे उघडले. समोर ते बारावं खोकं! कुणाला काही कळायच्या आत त्याने टायरमधून अंग सोडवून ते उचललं, मेजावरून घमेल्याशेजारी उडी मारली आणि...

धप्प!

"माझं खोकं!" इस्त्रीकाका किंचाळले. एवढी सुरकुती त्यांच्या आवाजाला कधी पडली नव्हती!

"हात काढ! हात काढ आधी!" मामा धावले. धावले म्हणजे एक पाऊल टाकलं आणि गुडघा धरून थांबले.

खोकं तरंगायला बघत होतं. बटणने दोन्ही हातांनी, सगळं अंग टाकून ते खाली दाबलं. कोपरापर्यंत गढूळ पाणी, नाकावर शिंतोडे!

"हवाबंद आहे ना, मामा!" झडपेतून ताईचं उलटं डोकं ओरडलं. "मग भिजणार कसं? तुम्हीच सांगता ना, पाण्यापुढे थाप चालत नाही म्हणून! मग याला का नाही बुडवलंत?"

एक क्षणभर काहीच झालं नाही.

पाणी शांत झालं. खोकं तळाशी, आणि एकही बुडबुडा नाही. वर पंक्चरने डोळे मिटले. ताईने झडपेतून आणखी खाली वाकून पाहिलं. चुकलं का? आपण चुकलो का?

बुड्.

एक बुडबुडा वर आला आणि फुटला.

बुड्. बुड्. बुड् बुड् बुड्...

खोक्याच्या खालच्या कडेने सरळ रेषेत बुडबुड्यांची माळ उठली! कुणीतरी ब्लेडने चीर पाडून, आतलं काढून घेऊन, पुन्हा डिंकाने चिकटवावं, अगदी तशी रेषा.

आणि मग एक गोष्ट झाली. मामांचा हात आपोआप पाण्यात गेला. तीस वर्षांची सवय! अंगठा अचूक त्या फटीवर जाऊन बसला. बुडबुडे थांबले. अंगठा काढला. बुड् बुड् बुड्. पुन्हा ठेवला. पुन्हा काढला.

"पंक्चर आहे," मामा म्हणाले. अगदी हळू, स्वतःशीच.

"काय, बाबा?" वरून आवाज आला.

"तू नाही रे! हे!"

मामांनी खोकं बाहेर काढलं आणि टर्रकन फाडलं. आत अर्धीच पाकिटं. पहिलं पाकीट फोडलं. गोगलगाय. दुसरं फोडलं. गोगलगाय, गोगलगाय, गोगलगाय! रानझुंजमधलं सगळ्यांत दुबळं कार्ड, कुणालाच नको असलेलं, प्रत्येकाकडे ढिगाने असलेलं.

"गोगलगाय नि पोटात पाय!" रेडिओ वरून ओरडली. "मी म्हटलंच होतं! हे काका पहिल्यापासूनच..."

पण तिचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. कारण इस्त्रीकाका पळाले नव्हते. ते उलट्या बादलीवर मटकन बसले होते. विजारीची घडी मोडली होती आणि त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"मी माझं शिलाईचं दुकान दिलं याच्यापायी," ते म्हणाले. "दोन मशिनं होती. आणि मोठी इस्त्री. मला ज्याने दिली, त्याने त्याचं काहीतरी दिलं असेल. मी उघडून बघितलं नाही हो. कुणीच बघितलं नाही. उघडलं की किंमत जाते ना!"

 टांगलेलं एक चाक सावकाश फिरत होतं, टक् टक् टक्.

*

मामी आली तेव्हा कडी निघाली होती, ताईच्या तळहातांना आईने मलम लावलं होतं आणि रेडिओने सगळी हकिकत गल्लीला दोनदा सांगून झाली होती. मामीने ती तिसऱ्यांदा ऐकली. मामांकडे एकदा असं पाहिलं की ते किल्लीशी चाळा करत राहिले.

"चकित केलंत हो मला!" मामी म्हणाली. मग तिने पंक्चरला छातीशी धरलं, आणि त्याच्याबरोबर जेवढे मावले तेवढे सगळे. "माझी शहाणी पोरं! आणि तू रे, छतातून पडलेल्या वाघा!"

"मी पडलो नाही, उतरलो," बटण म्हणाला.

मामांनी पंक्चरला जवळ बोलावलं. हातातली किल्ली त्यांनी खिशात ठेवली. "तीस वर्षं लोकांच्या ट्यूबा तपासल्या," ते शेवटी म्हणाले, "आणि स्वतःची वेळ आली तेव्हा पाणी तुम्ही दाखवलंत. उद्या मागचं चाक बसवू. दोघं मिळून. तू खाली बस, मी स्टुलावर बसून सांगतो."

पंक्चर हसला. पूर्ण हवा भरल्यासारखा!

आईने मेजावरची प्लॅस्टिकची डबी उघडली आणि चंद्रकासव बटणच्या हातात दिलं. त्याचा अंगठा लगेच कोपऱ्यावर गेला. हां! होता, दुमडलेला कोपरा जागच्या जागी होता.

"पण वर्षभराचं काहीतरी भागणार होतं ना?" त्याने विचारलं.

"कोपरा मीच दुमडला होता," आई म्हणाली. "एका डावात, फार जोरात थाप मारून. जिंकले होते!"

दारात इस्त्रीकाका उरलेली अकरा खोकी दोरीने बांधत होते. मामा लंगडत त्यांच्यापाशी गेले.

"घमेलं तयार आहे," ते म्हणाले. "एकेक बुडवून बघू. खरी असली तर सुकी निघतील. आणि नसली तर... मला सायकलच्या सीटा शिवायला माणूस हवाच आहे."

इस्त्रीकाकांनी पाण्याकडे पाहिलं. मग खोक्यांकडे. मग त्यांनी खोकी छातीशी आवळली. "नको," ते म्हणाले. "नको. न बुडवता निदान किंमत तरी..."  गाडीत खोकी ठेवली, विजार हाताने सारखी केली आणि गेले.

आई आणि बटण दारात उभे राहिले. गाडीचा लाल दिवा वळणापर्यंत दिसला आणि मग दिसेनासा झाला. आत रानझुंजचा डाव मांडला जात होता. "बटण, ये लवकर! कासव घेऊन ये!" ताई हाक मारत होती.

बटण हलला नाही. अंगठा कोपऱ्यावर तसाच होता.

"आई," तो म्हणाला, "ते काका ती खोकी आता दुसऱ्या कुणाच्या तरी मामाला देतील का गं?"